ॲन आर्बरचे ‘ॲन्जेलोज’ बंद होत आहे

हुरॉनकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला शिकलेल्या, तिथे नोकरी केलेल्या किंवा मुलांकडे म्हणून तिथे काही दिवस राहून गेलेल्या सभासदांना ही बातमी एव्हाना कळली असेल. कॅथरीन स्ट्रीट आणि ग्लेन ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरचे ‘ॲन्जेलोज’ हे न्याहारीचे उपाहारगृह या डिसेंबरअखेर, म्हणजे २०२३ संपताना, कायमचे बंद होत आहे. ॲन्जेलो व्हॅन्जेलाटोस या ग्रीक गृहस्थांनी ते १९५६ साली सुरू केले, पुढे त्यांच्या मुलाने ते चालवले, आणि आता ती जागा मिशिगन विद्यापीठाने ४५ लाख डॉलरला विकत घेतली आहे. सदुसष्ट वर्षे एकाच घराण्याने एकाच कोपऱ्यावर सकाळचे खाणे लोकांपुढे ठेवले, ही गोष्ट अमेरिकेतल्या छोट्या गावातही आता सहसा आढळत नाही.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. विद्यापीठाचा मध्यवर्ती परिसर संपून वैद्यकीय परिसर जिथे सुरू होतो, तिथे हा कोपरा येतो. ग्लेन ॲव्हेन्यूने खाली उतरले की फुलर रोड आणि हुरॉन नदी लागते, आणि पलीकडे वळले की काही मिनिटांत विद्यापीठाचे मोठे रुग्णालय. त्यामुळे एका बाजूने वसतिगृहांतले विद्यार्थी येत, दुसऱ्या बाजूने रात्रपाळी संपवून परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर येत, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, कधी पार उत्तरेच्या अप्पर पेनिन्सुलातून, आपल्या माणसाला इथे दाखल करायला आलेले नातेवाईकही त्याच टेबलांवर बसलेले असत. विद्यार्थ्यांच्या जिवावर चालणारी ठिकाणे अशा गावात पुष्कळ असतात, पण ती बहुधा संध्याकाळनंतर भरतात आणि तिथे सगळे एकाच वयाचे असतात. सकाळी उघडून दुपारी बंद होणाऱ्या या एका खोलीत मात्र ज्याचा दिवस सुरू होत आहे तो आणि ज्याची रात्र आत्ताच संपली आहे तो, असे दोघे शेजारी बसून एकाच किटलीतली कॉफी पीत. माझ्या मते ‘ॲन्जेलोज’चे खरे मोल यात होते. पदार्थ दुसरीकडेही मिळतील, ही संगत मिळेल असे वाटत नाही.

तरीही पदार्थांबद्दल लिहायलाच हवे, कारण तिथला बेदाण्यांचा टोस्ट ज्याने खाल्ला आहे त्याला दुसऱ्या कोणत्याही टोस्टची चव पटकन पटत नाही. पाव तिथेच भाजलेला असे आणि त्याचे काप बाजारच्या पावापेक्षा चांगले जाड असत. गरम तव्यावर लोण्यात शेकल्यामुळे कापाच्या कडेशी आलेले बेदाणे काळपट, किंचित चिवट होत आणि आतले मऊ व रसाळ राहत. कडेचा घास वेगळा लागे आणि मधला वेगळा. घरच्या पावाचाच फ्रेंच टोस्ट ते तेलात तळून देत, त्यावर साखर भुरभुरलेली असे, आणि मेपलचा पाक ज्याने त्याने आपल्या अंदाजाने घ्यायचा. जानेवारीत उणे पंधरा अंश सेल्सिअसमध्ये चालत येऊन, दारातल्या गर्दीत उभे राहून, चष्म्यावरची वाफ पुसत त्या वासाकडे लक्ष लागणे, हा तिथल्या हिवाळ्याचाच एक भाग होता. शनिवार-रविवारी रांग दाराबाहेर जाई आणि तरी कोणी फारशी कुरकुर करत नसे.

एका स्थानिक गायकाने या ठिकाणावर गाणे रचले होते आणि ते गावात अजून गायले जाते, यावरून गावाचा जीव त्यावर किती होता हे कळेल. ज्यांच्याकडे काही आठवणी असतील त्यांनी इथे अवश्य लिहाव्यात. अशी ठिकाणे का टिकत नाहीत, याबद्दलही कोणाला काही म्हणायचे असेल तर तेही वाचायला आवडेल.

पहाटपाळी

धागा वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. मुंबईत एमबीबीएस करून मी रेसिडेन्सीसाठी ॲन आर्बरला आले, त्यामुळे ‘ज्याची रात्र आत्ताच संपली आहे’ अशांपैकी मी एक होते. रात्रपाळी संपली, रुग्णांची माहिती सकाळच्या चमूकडे सोपवली, की आम्ही दोघी-तिघी थेट तिथे जात असू. घरी जाऊन झोपणे शहाणपणाचे ठरले असते, पण काही रात्री अशा जात की घरी एकटीने जाववत नसे. तिथे बसले, गरम कप हातात आला, समोर अंडी आणि बटाटे आले, की हळूहळू माणसात आल्यासारखे वाटे. रुग्णालयातले काहीही तिथे बोलायचे नाही असा आमचा दंडक होता, आणि तो आम्ही पाळला, कारण शेजारी कोण बसले असेल हे सांगता येत नसे.

एकदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर साठी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या जाड कोटाच्या छातीवर रुग्णालयात भेटायला येणाऱ्यांना देतात तो कागदी बिल्ला होता, त्यावर आदल्या दिवशीची तारीख होती, आणि त्याचे एक टोक सुटून वर वळले होते. म्हणजे हे गृहस्थ रात्रभर तिथेच बसून होते. त्यांनी मला विचारले, “इथे काय चांगले मिळते?” मी बेदाण्यांचा टोस्ट सुचवला. तो आल्यावर त्यांनी अर्धा काप खाल्ला, उरलेला कागदी रुमालात नीट गुंडाळला आणि म्हणाले की बायकोला हा आवडेल, तिला आज खायची परवानगी मिळणार आहे. मी डॉक्टर आहे हे मी त्यांना सांगितले नाही. त्या क्षणी मी त्यांची शेजारीण होते आणि ते मला पुरेसे वाटले.

रुग्णालयात कॅफेटेरिया आहे आणि तो चांगला चालतो. पण तिथे बसलेला माणूस रुग्णालयातच असतो. बाहेर पडून रस्ता ओलांडून दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे गरम खायला मिळणे, याची किंमत ज्यांना ते लागले त्यांनाच कळेल.

गोदातीर

माझी मुलगी तिथे शिकत होती, तेव्हा आम्ही दोघे नाशिकहून तिच्याकडे उन्हाळ्यात जाऊन राहिलो होतो. आम्ही अंडे खात नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या न्याहारीच्या ठिकाणी आमचे काय काम, असेच आम्हाला वाटत होते. मुलीने मात्र हट्टाने नेले. यादी वाचून आम्ही बटाटे, ओटची लापशी आणि फळे मागितली. मुलीने वाढणाऱ्या बाईंना सांगितले की आईबाबा पूर्ण शाकाहारी आहेत. त्या बाईंनी आपणहून सांगितले की बटाटे ज्या मोठ्या तव्यावर परततात त्यावर मांसही भाजले जाते, म्हणून त्यांना चालत असेल तर थोडा वेळ थांबा, मी वेगळ्या पॅनमध्ये करून आणायला सांगते. आम्ही विचारलेही नव्हते. गर्दीच्या वेळी, बाहेर माणसे ताटकळत उभी असताना, कोण कुठल्या परदेशी म्हाताऱ्यांसाठी एवढे करते?

निघताना माझ्या पत्नीने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. भाषा येत नव्हती, पण त्यांना ते समजले असावे. मुलगी आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात आहे. बंद होण्याची बातमी तिनेच आम्हाला फोनवर सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज जड झाला होता.

सरळरेषा

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी त्या गावात विद्यार्थी होतो, आणि निव्वळ खाण्याच्या दृष्टीने पाहिले तर मला ॲशली स्ट्रीटवरचे ‘फ्लीटवूड डायनर’ जास्त आवडे. तिथली ‘हिप्पी हॅश’, म्हणजे परतलेल्या बटाट्यांवर भाज्या आणि वर फेटा चीज, ही शाकाहारी विद्यार्थ्याला पोटभर आणि परवडणारी होती, शिवाय रात्री अपरात्रीही मिळे. ‘ॲन्जेलोज’ला शनिवारी जाणे म्हणजे सकाळ तिथेच संपवणे होते. टोस्ट उत्तम होता हे मान्य आहे, परंतु ऑम्लेट, पॅनकेक वगैरे बाकीचे पदार्थ अमेरिकेतल्या कोणत्याही बऱ्या डायनरमध्ये मिळतात तसेच होते.

दुसरे असे की, दोन पिढ्यांनी इतकी वर्षे हा व्यवसाय केला, त्यांना योग्य मोबदला मिळाला आणि त्यांनी आपल्या मर्जीने थांबायचे ठरवले. दिवाळे निघून बंद पडलेल्या दुकानांपेक्षा ही गोष्ट पुष्कळ समाधानाची आहे. आपण सर्व तिथे वर्षातून फार तर एकदा फिरकणारे माजी विद्यार्थी आहोत. त्यांनी आपल्या आठवणींसाठी पहाटे उठत राहावे, अशी अपेक्षा आपण करू नये.

हुरॉनकाठ (धागाकर्ता)

@सरळरेषा, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो इथे मांडला गेला हे बरे झाले. त्या कुटुंबाने थांबू नये असे मला म्हणायचे नव्हते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. हळहळ आहे ती अशासाठी की त्या कोपऱ्यावर पुन्हा असे काही उभे राहण्याची शक्यता दिसत नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की ‘फ्लीटवूड’ आणि ‘ॲन्जेलोज’ यांची तुलना मला जमत नाही. ‘फ्लीटवूड’ला आम्ही मित्र म्हणून जात असू, सगळे मिळून, बहुधा रात्री. ‘ॲन्जेलोज’ला मी पुष्कळदा एकटा गेलो आहे. पहिल्या सत्रात, ओळखी नसताना, रविवारची सकाळ फार मोठी वाटे. तेव्हा तिथे एकट्याने बसलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नसे, कारण निम्मी खोली कोणत्या ना कोणत्या कारणाने एकटीच आलेली असे. @पहाटपाळी यांनी लिहिलेल्या त्या गृहस्थांसारखी माणसे मीही पाहिली आहेत, त्यांच्याशी कधी बोललो नाही इतकेच.

@गोदातीर काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. तुमच्या मुलीलाही हा धागा जरूर दाखवा.

मळवाट

मी गेली अनेक वर्षे, ॲन आर्बर ज्यात येते त्या वॉश्टेनॉ परगण्यातच राहतो, त्यामुळे या प्रश्नाची स्थानिक बाजू सांगतो, कारण बाहेरून पाहताना ती सहसा ध्यानात येत नाही.

२०२०च्या जनगणनेनुसार ॲन आर्बरची लोकसंख्या सुमारे १ लाख २४ हजार आहे, आणि २०२३च्या शरद सत्रात विद्यापीठाच्या इथल्या एका आवारातली विद्यार्थिसंख्या ५२ हजारांच्या पुढे गेली. विद्यापीठ वाढते आहे, त्याला वसतिगृहे, प्रयोगशाळा, रुग्णालयाच्या इमारती यांसाठी जागा हवी आहे, आणि मोकळी जमीन गावाच्या मध्यभागी शिल्लक नाही. मग लगतचा एखादा कोपरा विक्रीला आला की विद्यापीठ तो घेते, हे स्वाभाविकच आहे. यातली अडचण अशी की विद्यापीठाच्या मालकीच्या जमिनीवर नगरपालिकेचा मालमत्ता कर लागू होत नाही. प्रत्येक खरेदीनंतर तेवढी जमीन करपात्र यादीतून बाहेर पडते आणि उरलेल्या घरमालकांवर व दुकानदारांवर भार वाढतो. कर वाढला की भाडी वाढतात, आणि वाढलेल्या भाड्यात अंडी-टोस्ट विकून नव्याने दुकान थाटणे कोणाला परवडणार? मला विद्यापीठाला दोष द्यायचा नाही. त्याच्यावाचून या गावाला गावपण नाही, आणि माझ्या घरातली दोन माणसे तिथेच नोकरी करतात. मला एवढेच म्हणायचे आहे की जुने दुकान बंद पडणे हा इथे सुटा प्रसंग राहिलेला नाही.

‘ब्लिंपी बर्गर’ अनेकांना आठवत असेल. १९५३ पासून डिव्हिजन आणि पॅकार्ड यांच्या कोपऱ्यावर ते होते. ती जागा विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या प्रकल्पासाठी घेतली आणि २०१३ मध्ये ते तिथून हलले. मात्र पुढच्याच वर्षी ते ॲशली स्ट्रीटवर पुन्हा सुरू झाले, आणि लोक तिथेही रांग लावू लागले. म्हणजे जागा गेली तरी चालवणाऱ्याची उमेद शिल्लक असेल तर दुकान दुसरीकडे जगते. ‘ॲन्जेलोज’च्या बाबतीत तसे काही होणार असल्याचे माझ्या कानावर नाही.

तवाआणिपोळी

@मळवाट यांनी जमिनीची बाजू सांगितली, मी स्वयंपाकघराची सांगते. माझ्या माहेरी कोल्हापुरात मिसळीचे दुकान होते. वडिलांनी ते चालवले, भावाने काही वर्षे चालवून बंद केले. म्हणून ही बातमी वाचल्यावर माझ्या मनात आधी त्या कुटुंबाच्या पहाटा आल्या.

सकाळच्या खाण्याचा धंदा हा खाद्यव्यवसायातला सर्वांत कष्टाचा प्रकार आहे. सहा-सातला दार उघडायचे तर चारला तवा तापलेला हवा. जे लोक पाव स्वतः भाजतात त्यांचे काम तर त्याहून आधी सुरू होते, कारण पीठ फुगायला लागणारा वेळ कोणाच्या सोयीने कमी होत नाही. दर पदार्थामागे सुटणारी रक्कम लहान असते. रात्रीच्या हॉटेलांना मद्याच्या विक्रीतून जो आधार मिळतो तो इथे नाही. चार-पाच तासांत जेवढी टेबले भरतील आणि रिकामी होतील तेवढ्यावरच दिवस काढायचा. त्यातच कच्च्या मालाचे भाव उसळतात. बर्ड फ्लूच्या साथीमुळे कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी किरकोळ भाव ४ डॉलर ८२ सेंटपर्यंत गेला होता. ज्याच्या यादीतल्या बहुतेक पदार्थांत अंडे आहे, त्याने अशा वेळी भाव वाढवले तर नेहमीचे गिऱ्हाईक नाराज होते आणि नाही वाढवले तर महिन्याअखेर हातात काही राहत नाही. आमच्याकडे कांद्याचे भाव चढले की वडिलांची हीच तगमग होई, आणि तरीही मिसळीवरचा कांदा त्यांनी कधी कमी केला नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. मिशिगनमध्ये सकाळच्या खाण्याची, हॉटडॉगची, साध्या जेवणाची असंख्य ठिकाणे ग्रीक कुटुंबांनी काढली. डेट्रॉइटचे ‘अमेरिकन कोनी आयलंड’ हे हॉटडॉगचे उपाहारगृह १९१७ पासून एकाच ग्रीक घराण्याकडे आहे. परक्या मुलुखात आलेल्या माणसाला भांडवल थोडे लागते, घरातली सगळी माणसे कामाला येतात आणि भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते, म्हणून पहिली पिढी या धंद्यात उतरते. मुंबई-पुण्यात इराण्यांनी आणि उडुपीकडच्या शेट्टी मंडळींनी हेच केले. आणि पहिल्या पिढीने कष्ट केले ते मुलांना हे करावे लागू नये म्हणूनच केलेले असतात. माझ्या भावाची मुले इंजिनीअर झाली तेव्हा दुकान बंद होणार हे घरात ठरूनच गेले होते, आणि त्याचे वाईट वाटत असतानाही सर्वांना आनंदच झाला होता. ‘ॲन्जेलोज’ दुसऱ्या पिढीनेही एवढी वर्षे चालवले, हे मला खरोखर थोर वाटते.

डेक्कनचा_कोपरा

@तवाआणिपोळी यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. पुण्यात आम्ही कॉलेजात असताना डेक्कनला ‘गुडलक’ आणि ‘लकी’ ही दोन्ही इराणी हॉटेले होती. ‘गुडलक’ १९३५ पासून आजही सुरू आहे. ‘लकी’ बंद झाले आणि ज्यांचे ते होते त्यांना ‘गुडलक’मध्ये बसूनही अजून चुकल्यासारखे होते. बन-मस्का दोन्हीकडे मिळत होता, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असे. त्यामुळे @सरळरेषा यांनी ‘फ्लीटवूड’चा पर्याय सुचवला तेव्हा मला धागाकर्त्यांचे उत्तर लगेच पटले.

ॲन आर्बरला मी कधी गेलो नाही, म्हणून यापेक्षा जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण वाचतो आहे, कृपया लिहीत राहा.

नॉर्थकॅम्पस

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असल्याने माझे सगळे आयुष्य नॉर्थ कॅम्पसवर गेले आणि सकाळी बसने मध्यवर्ती भागात येणे क्वचितच होई. तरीही पहिल्या आठवड्यात, विभागातला एक सीनियर आम्हा चार नव्या मुलांना मुद्दाम ‘ॲन्जेलोज’ला घेऊन गेला होता. तो सातारचा होता आणि त्याला त्याच्या सीनियरने असेच नेले होते.

त्याचे म्हणणे असे होते की या देशात बसून खायची सवय इथूनच करावी. आम्हाला अंडी कशी हवीत, टोस्ट कोणत्या पावाचा हवा, बटाटे हवेत की फळे, असे एकामागून एक विचारले जात होते. घरी आईने जे पुढे ठेवले ते खाल्लेल्या मुलाला इतक्या निवडी एकदम कराव्या लागल्या की तो गांगरतो. वाढणाऱ्या बाई वहीवर पेन टेकवून शांतपणे उभ्या राहिल्या. त्यांनी घाई केली नाही आणि आमच्यासाठी परस्पर काही ठरवूनही टाकले नाही. प्रत्येकाचे नीट ऐकून घेतले, एका मुलाला ‘बलक पूर्ण शिजलेला हवा आहे ना’ असे विचारून खात्री केली, आणि जाताना ‘गावात स्वागत आहे’ असे म्हणून गेल्या. बिलावर टिप किती आणि का ठेवायची, वाढणाऱ्यांचा मूळ पगार कसा तुटपुंजा असतो, हेही त्या सीनियरने तिथेच टेबलावर हिशेब करून समजावले. परदेशातले माझे पहिले व्यवहारज्ञान मला विद्यापीठाच्या स्वागत कार्यक्रमात मिळाले नाही, ते त्या टेबलावर मिळाले. पुढे मी माझ्या ज्युनियर मुलांना तिथेच नेत राहिलो. ही साखळी आता कुठे जोडायची, हे सध्या तिथे शिकत असलेल्यांनी ठरवावे.

पानोपानी

मी ग्रंथपाल आहे, म्हणून एक व्यावहारिक सूचना करते. ॲन आर्बर डिस्ट्रिक्ट लायब्ररीने ‘ॲन आर्बर न्यूज’ या दैनिकाचे जुने लेख आणि छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर सर्वांना खुली केली आहेत. गावातली जुनी दुकाने, जाहिराती, रस्त्यांचे कोपरे तिथे शोधून पाहता येतात. विद्यापीठाच्या बेंटली ग्रंथालयातही मिशिगनच्या इतिहासाची कागदपत्रे जतन केली जातात. पण असल्या संग्रहांत बहुधा मालकांच्या आणि प्रसिद्ध व्यक्तींच्याच आठवणी येतात. परदेशातून आलेला एखादा विद्यार्थी तिथे पहिल्यांदा बसला तेव्हा त्याला काय वाटले, नाशिकच्या आईवडिलांसाठी वेगळा पॅन कसा तापवला गेला, हे त्यांत सापडणार नाही. ते या धाग्यावर आले आहे, म्हणून हा धागा जपून ठेवावा. शक्य असेल त्यांनी आपली आठवण इंग्रजीतही लिहून काढावी आणि ती त्या ग्रंथालयाकडे पाठवता येईल का, याची चौकशी करावी. ज्यांच्याकडे तिथले जुने फोटो असतील त्यांनी मागे वर्ष आणि प्रसंग लिहून ठेवावेत. नुसता फोटो पंधरा वर्षांनी कोणाला काही सांगत नाही.

गोदातीर

@पानोपानी ताई, सूचना फार चांगली आहे. आमच्याकडे मुलीने काढलेला एक फोटो आहे, त्यात आम्ही दोघे आहोत आणि मागे त्या बाई कॉफीची किटली घेऊन उभ्या आहेत. त्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे तो इथे टाकत नाही, पण त्यामागे वर्ष आजच लिहितो. मुलीला इंग्रजीत लिहायला सांगितले आहे.

पहाटपाळी

माझ्या जुन्या सहकारी अजून तिथेच आहेत. त्यांच्याकडून कळले की गर्दी आता आठवड्याच्या मधल्या दिवशीही वाढली आहे, आणि पूर्वी शिकून गेलेले लोक लांबून गाडी चालवत येत आहेत. मला स्वतःला जाणे जमणार नाही, कारण माझ्या पाळ्या बदलून मिळणार नाहीत. तिथे जाणाऱ्यांना एक विनंती आहे. शेवटच्या आठवड्यांत आपण सगळे आठवणींसाठी म्हणून जाणार, टेबल जास्त वेळ अडवणार, फोटो काढणार. त्याच वेळी रात्रपाळीवरून आलेली एखादी नर्स किंवा शस्त्रक्रियेआधी घाईने चार घास खायला आलेला एखादा नातेवाईक दारात उभा असेल. तसे कोणी दिसले तर त्याला पुढे जाऊ द्या.

हुरॉनकाठ (धागाकर्ता)

@पहाटपाळी, हे अगदी बरोबर आहे आणि ते मी तिथे जाणाऱ्या सर्वांना सांगेन.

परिसरात असलेल्या सभासदांपैकी तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून सोबत येण्याची इच्छा कळवली आहे. शनिवार-रविवार टाळून येत्या बुधवारी सकाळी दार उघडण्याच्या वेळीच जाऊ, म्हणजे इतरांची खोटी होणार नाही. तिथल्या तोकड्या जागेत चार गाड्या आणू नयेत. नोव्ही आणि कँटन या जवळच्या गावांकडून येणाऱ्यांनी एकाच गाडीने यावे. सोबत रोख रक्कम जरूर ठेवा. मालकांना जागेचे पैसे मिळाले आहेत, परंतु वाढणाऱ्या आणि तव्यामागे उभ्या असलेल्या लोकांना नाताळानंतर दुसरे काम शोधायचे आहे, त्यामुळे टिप नेहमीच्या हिशेबाने न ठेवता हात सैल सोडून ठेवावी. ज्यांना येणे शक्य नाही आणि ज्यांना आपल्या वतीने तिथे काही ठेवायचे आहे त्यांनी मला मंगळवार संध्याकाळपर्यंत कळवावे, मी ते पाकिटात घालून त्यांच्या हाती देईन. @गोदातीर काका, त्या बाई अजून तिथे असतील तर तुमचा निरोप मी सांगेन. त्यांचे वर्णन तेवढे मला पाठवून ठेवा.